अकरा नंबरची भिंत

नाना,

द्वारका चौकातल्या गोदामाची तुमची भिंत आज सकाळी अकरा वाजता होती, बारा वाजता नव्हती. म्हणजे भिंत आहे, तिच्यावर तुम्ही लिहिलेलं ते आता नाही. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं आणि सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कागद म्हणाल तर शाळेतल्या जुन्या टाचणवहीची मागची पानं. तीस वर्षं मुलांना भूमिती शिकवलेल्या बाईच्या घरात एक कोरा कागद सापडू नये, यावर तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आज सुचलं ते बैल गेला नि झोपा केला अशातलं.

मुलगी पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होती. तुम्ही तिला चार वर्षांची बघितलीत, आता तिची तिशी जवळ आली. तिनंच कुठून तरी एक घडीचं पत्रक आणलं. शहरातल्या अकरा भिंतींवर चित्रं काढली आहेत आणि एकामागून एक चालत जाऊन ती बघायची, त्याला आर्ट ट्रेल म्हणतात. नाना, आपल्या वेळेला नाशकात भिंत म्हटली की एक तर जाहिरात, नाही तर 'येथे लघवी करू नये'. ती दुसरी पाटीही तुम्हीच लिहायचात आणि म्हणायचात, "ही एकच पाटी अशी हाय का लोक जवळ येऊन वाचतात." आता लोक भिंतीकडे पाठ करून उभे राहतात आणि फोटो काढतात. गंगापूर रोडला एका कंपाऊंडवर पेठ-सुरगाण्याकडच्या बाया भाताची लावणी करतायत, गुडघाभर पाण्यात, आणि त्यांच्या पाठी इतक्या खऱ्या की मला माझी कंबर आठवली. पाण्याच्या टाकीवर वणीच्या देवीला अनवाणी निघालेली माणसं आहेत. जुन्या नाशकात एका बोळाच्या तोंडाशी तांबट हातोडी उगारून बसलाय आणि त्याच्या हंड्यावरची चमक नुसत्या पांढऱ्या रंगाच्या दोन फटकाऱ्यांत आणली आहे. तिथं मी बराच वेळ उभी राहिले. तुम्ही ते दोन फटकारे बघायला हवे होते.

तिथंच मुलगी म्हणाली, "आजोबांना आवडलं असतं ना हे? त्यांची जाहिरातीची कंपनी होती ना?"

मी हो म्हणाले. हे हो मी तिच्या लहानपणापासून म्हणत आले आहे, आणि त्याच्या आधी तिच्या वडिलांकडच्या माणसांना म्हणाले होते. म्हणाले तरी कसली, तुमच्याकडून म्हणवून घेतलं. मला बघायला आले त्या दिवशी सकाळीच मी तुम्हाला बजावलं होतं की पेंटर म्हणू नका, जाहिरातीच्या व्यवसायात आहे असं म्हणा. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून सतरंजीवर बसलात आणि पाठ केलेलं उत्तर दिल्यासारखं ते वाक्य म्हणालात. म्हणताना दोन्ही पंजे मांडीखाली घातलेत, कारण रॉकेल आणि धुण्याचा सोडा लावून कितीही घासलं तरी नखांतला ऑइलपेंट गेला नव्हता. चहाची कपबशी पुढे आली तेव्हा तुम्ही चहा सोडलाय म्हणून सांगितलंत. स्वयंपाकघराच्या दारातून मी ते बघत होते. आईनं माझ्याकडे बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. चहा तुम्ही दिवसाला आठ कप प्यायचात.

आता द्वारकेची गोष्ट सांगते, म्हणजे ती तुमचीच आहे, पण माझ्या बाजूनं सांगते. मी नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती आणि दोरी धरायला माणूस नव्हता म्हणून तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलंत. तेव्हा द्वारकेवर डोक्यावर पूल नव्हता, नुसते ट्रक आणि धूळ. ट्रान्सपोर्टवाल्या शेठच्या गोदामाची लांबच लांब भिंत होती आणि तिच्यावर लिहायचं होतं, रोज मुंबई, सुरत, इंदूर. तुम्ही दोरीला धुण्याची नीळ चोळलीत. एका पिंपावर मला उभं केलंत, दोरीचं टोक माझ्या अंगठ्याला एक वेढा देऊन गुंडाळलंत आणि भिंतीवर खडूची खूण होती तिथं माझा अंगठा दाबून म्हणालात, "हितून हालायचं नाय. लय ताणू नको, ढिली बी सोडू नको." तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. तेवढ्यात समोर ट्रकच्या टपावर मदाऱ्याचं माकड येऊन बसलं आणि केळं सोलायला लागलं. मी माकड बघत राहिले. तुम्ही दोरी चिमटीत धरून ओढलीत आणि सोडलीत, भिंतीवर निळी रेघ उठली, आणि माझा अंगठा तोवर खुणेपासून चार बोटं खाली घसरला होता.

ते तुमच्या लक्षात आलं सगळं लिहून झाल्यावर. काम संपलं की तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जायचात आणि तिथून डोळे बारीक करून बघायचात. तसे गेलात, बघितलंत, आणि बराच वेळ परत आला नाहीत. मुंबई सरळ वाटत होती, सुरतेपर्यंत बरं चाललं होतं, इंदूर मात्र उताराला लागलं होतं. परत येऊन तुम्ही माझ्यासमोर उकिडवे बसलात. मला वाटलं आता मार बसणार. तुम्ही म्हणालात, "अक्षरं खाली उभी नसतात पोरी, वरच्या रेघेला टांगलेली असतात. तू रेघ सोडली का समदी घसरली." एवढंच. मग शेठ बाहेर आले, बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "काय रे, सकाळीच घेतली का?" गळ्यात माळ असलेला माणूस तुम्ही, सुपारीसुद्धा न खाणारा. मी पिंपामागे उभी. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "हात चुकला शेठ माझा." शेठनं तुम्हाला हमालांसमोर आणखी दोन शब्द ऐकवले, तेही तुम्ही ऐकून घेतलेत. मग सगळ्यात बारीक ब्रश काढलात आणि उजव्या कोपऱ्यात खाली माझं नाव लिहिलंत. शाळेच्या दाखल्यावरचं नव्हे, ज्या नावानं फक्त तुम्ही हाक मारायचात ते, आणि त्यापुढे आर्ट्स. बाकीचे पेंटर स्वतःचं नाव टाकत. तुम्ही माझं टाकायचात.

ते नाव मीच बंद पाडलं. मी चौदा वर्षांची झाले होते, नाकानं कांदे सोलायचं वय. वर्गातल्या मुलांना ते नाव कुठून तरी कळलं आणि मी दिसले की ती ओरडायची, आज कोणत्या मुतारीवर गं? तुम्ही जेवायला बसला होता. आईनं तव्यावरची भाकरी तुमच्या ताटात टाकली होती. मी म्हणाले, "माझं नाव परत कुठल्या भिंतीवर लिहायचं नाही. मला लाज वाटते." तुम्ही हातातला घास परत ताटात ठेवलात. "बरं," म्हणालात. त्यानंतर तुमच्या एकाही भिंतीवर कोपऱ्यात काही नव्हतं. माझं गेलं, पण स्वतःचंही आलं नाही. पुढे कॉलेजला जाता-येता मी तुमच्या भिंती ओळखायची, अक्षरांवरून आणि त्या रिकाम्या कोपऱ्यावरून. एकदा तर तुम्ही शिडीवर होता आणि मी मैत्रिणींबरोबर खालून गेले. तुम्ही मला येताना बघितलंत, आणि मी जवळ यायच्या आत भिंतीकडे तोंड केलंत आणि वाळलेलं एक अक्षर पुन्हा रंगवायला लागलात. मला तोंड चुकवावं लागू नये म्हणून तुम्ही ते चुकवलंत, नाना. हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

फ्लेक्स आले आणि तुमचं काम संपलं, तरी तुम्ही आमच्या नव्या घरासाठी सागवानी पाटी लिहून आणलीत. जावयाचं नाव, काळ्यावर पिवळ्या अक्षरांत, कडेला बारीक वेल. मी कॉम्प्युटरवर कापलेली अॅक्रिलिकची पाटी आधीच लावून टाकली होती. तुम्ही दारात चपला काढताना ती बघितलीत. "ही बी चांगली हाय," म्हणालात. मी म्हणाले, तुमची आतल्या खोलीच्या दारावर लावू, सुतार यायचाय. पुढच्या प्रत्येक खेपेला तुम्ही आतल्या दाराकडे एकदा बघायचात. तो सुतार अजून यायचा आहे.

द्वारकेची भिंत केव्हाच गेली असं मी धरून चालले होते. तिच्यापुढे पत्र्याची मोठी शेड उभी राहिली होती, कित्येक वर्षं. पण रस्त्याच्या कामात ती शेड पाडली, आणि आठ दिवसांपूर्वी मी रिक्षानं जात असताना तुम्ही एकदम समोर आलात. शेडनं ऊनपाऊस अडवला होता म्हणून लाल रंग अजून लाल होता. रोज मुंबई, सुरत, इंदूर. कोपऱ्यात मी. तुमच्या साऱ्या भिंतींत एवढी एकच उरली होती, आणि उरली तीही नाव असलेली. मी रिक्षावाल्याला थांब म्हणाले नाही. मुलीनं आणलेल्या पत्रकात ती अकरा नंबरला होती, काम चालू आहे असं लिहिलेलं, आणि खाली बारीक अक्षरांत, जुन्या भिंतींविषयी कुणाला माहिती असल्यास कळवावी. फोन नंबरही होता. परवा रात्री तिनं ते पत्रक माझ्या हातात दिलं तेव्हा मी तो नंबर तीनदा वाचला. काल दिवसभर फोन माझ्या शेजारीच होता.

आज आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवर पांढऱ्या रंगाचा हात अर्धा मारून झाला होता. मुंबई गेली होती, सुरत पांढऱ्याखालून अंधुक दिसत होती. इंदूर आणि कोपरा मात्र होते. जीन्स घातलेली एक मुलगी परातीएवढ्या झाकणात रंग ढवळत होती, सटाण्याची म्हणाली, आणि एक मुलगा लांब दांड्याचा रोलर घेऊन उभा होता. माझ्या मुलीनं हे काय लिहिलं होतं म्हणून विचारलं. सटाण्याची म्हणाली, "जुनी ट्रान्सपोर्टची जाहिरात आहे. अक्षर काय कडक आहे बघा ना, आता असं कुणाला येत नाही. फक्त इंदूर बघा कसं घसरलंय. पेंटर टाइट असणार." रोलरवाला हसला. माझी मुलगीही हसली. तुमची नात, नाना.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ती सटाण्याची मुलगी पुढे बोलत होती, "आम्ही इथं सगळ्यांना विचारलं. गोदामाच्या मालकाला पण माहीत नाही. कुणी सांगितलं असतं पेंटर कोण, तर हा कोपरा तसाच ठेवून चित्र त्याच्या बाजूनं घेणार होतो. अजूनही ठेवू म्हणा, पण कुणाचं काय ते कळायला तर पाहिजे. आणि हे नाव कुणाचं असेल? बायको असेल का पेंटरची? काकू, तुम्ही जुन्या नाशिकच्या दिसता, तुम्हाला माहिती आहे का?"

एक वाक्य लागत होतं. ते माझे वडील, ते प्यायचे नाहीत, रेघ मी वाकडी केली, आणि ते नाव माझं. फार तर एका वाक्याची चार झाली असती. शेजारी माझी मुलगी उभी होती, फोन वर धरून, आणि तिच्या डोक्यात जाहिरातीची कंपनी असलेले आजोबा होते, टेबलखुर्चीवाले. ते मीच तिथं बसवले होते. आणि दुसरंही एक मनात आलं. तुम्ही शिडीवर होता तेव्हा मी खालून निघून गेले. आज भिंतीपुढे फोटो काढायला रांगा लागतात, आज पेंटरची मुलगी म्हणून पुढे व्हायला काय लागतं? जनाची नाही, मनाची वाटली म्हणा. किंवा तेही मी आता घरी बसून शोधलेलं कारण असेल. तिथं उभी असताना मला फक्त भीती वाटत होती.

मी म्हणाले, "नाही बाई. माहीत नाही."

"असू दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "काकू, दोन मिनिटं दोरी धरता का? आमचा एक जण रंग आणायला गेलाय." पांढऱ्यावर चौकोन आखायचे होते. तिच्या डब्यात तीच नीळ होती. मी टोक हातात घेतलं, अंगठ्याला एक वेढा दिला, खुणेवर दाबलं. माझं मलाच कळायच्या आत हात ते करून बसला होता. ती तिकडून म्हणाली, "वा, काकूंना जमतं की." तिनं दोरी सोडली. रेघ सरळ आली, नाना, एका केसाचा फरक नाही. मग दुसरी, मग तिसरी. एकूण सात रेघा मी धरल्या. माझा अंगठा एकदाही हलला नाही. सातवी झाल्यावर रोलरवाला मुलगा माझ्या मागून पुढे आला, "काकू, जरा सरका," म्हणाला, मी सरकले, आणि त्यानं खालून वर एक हात मारला. इंदूरला त्याला दोनदा फिरवावा लागला. कोपरा एका हातात गेला.

रिक्षात मुलीनं विचारलं, "तुला दोरी धरता कशी आली गं?" मी म्हणाले, शाळेत मैदान आखायला धरायचो. तिला ते पटलं. माझ्या प्रत्येक खोट्याला शाळेचा आधार असतो, म्हणून ते पटतं. तिनं मघाशी फोटो पाठवला. मी भिंतीपाशी वाकलेली, अंगठा खुणेवर, आणि माझ्या गुडघ्यामागे कोपऱ्यात ते नाव, पूर्ण वाचता येतं. खाली तिनं लिहिलंय, फोटो छान आलाय पण चेहरा असा का केलास? मी फोटो मोठा करून नाव तेवढं बघत बसले होते. तुमच्या पश्चात त्या नावानं मला कुणी हाक मारलेली नाही. आज ती सटाण्याची मुलगी ते मोठ्यानं वाचत होती, कुणाचं असेल म्हणून, आणि मला ओ द्यावीशी वाटली.

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्न नाही. ते ज्याला द्यायचं ते माणूस आतल्या खोलीत बॅग भरतंय, तिची बस पाचची आहे आणि दार उघडं आहे. मी उठून ही चार पानं तिच्या बॅगेत ठेवू शकते. तासाभरापासून मी स्वतःला तेच सांगते आहे. मधे ती पाणी प्यायला बाहेर आली होती. माझा हात बघून म्हणाली, "आई, अंगठा एवढा निळा कशानं झाला?"

मी म्हणाले, पेनाची शाई लागली.

हे पेन काळ्या शाईचं आहे, नाना.